मुंबई ते बागबाजार: विमानाने पावणेतीन तास, इतिहासाने पावणेतीनशे वर्षं

फोनवर 'मुंबई ते कोलकाता अंतर' असं टाइप करून बघा. लगेच तीन वेगवेगळे आकडे समोर येतात. विमानाने साधारण १,६६५ किलोमीटर, रेल्वेने १,९६८ किलोमीटर आणि रस्त्याने दोन हजारांच्या आसपास. शहरं तीच आणि जमीनही तीच, मग अंतर तीन प्रकारचं कसं? यातला खरा आकडा कोणता?

उत्तर सोपं आहे. तिन्ही खरे. तुम्ही कसे जाता, त्यावर तुमचं अंतर ठरतं. उत्तर कोलकात्यातल्या बागबाजार या जुन्या वस्तीत जायचं असेल, तर मराठी माणसासाठी आणखी एक अंतर मोजावं लागतं, आणि ते कुठल्याही ॲपवर दिसत नाही. आज आपण ही सगळी अंतरं एकेक करून मोजूया. घरातल्या मुलांना भूगोल आवडत असेल तर त्यांनाही शेजारी बसवा.

सरळ रेषेत मधोमध नागपूर

आधी विमानाचं अंतर. पृथ्वी गोल असल्यामुळे दोन शहरांमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे गोलावरून काढलेली कमान. घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा मुंबईवर धरा आणि ताणून कोलकात्यावर टेकवा. दोरा जिथून जातो, तो सर्वांत जवळचा रस्ता. तो भरतो सुमारे १,६६५ किलोमीटर. प्रत्यक्षात हवामान आणि हवाई वाहतूक नियंत्रण यांच्या सूचनांनुसार विमान थोडं इकडेतिकडे वळतं, त्यामुळे उडालेलं अंतर यापेक्षा जरा जास्त होतं.

आता गंमत बघा. हा दोरा नागपूरच्या अगदी जवळून, किंचित दक्षिणेकडून जातो. पुढे गोंदिया-गडचिरोलीच्या पट्ट्यात तो महाराष्ट्राची हद्द ओलांडतो. आणि तिथे प्रवासाचा जवळजवळ मध्य येतो! म्हणजे मुंबईहून कोलकात्याला निघालेलं विमान अर्ध्या वाटेपर्यंत महाराष्ट्रावरूनच उडत असतं. पाण्याची बाटली, सँडविच आणि एक डुलकी एवढं होईपर्यंत आपण आपल्याच राज्यात असतो. महाराष्ट्र किती रुंद आहे, हे नकाशापेक्षा खिडकीतून जास्त चांगलं कळतं.

उरलेल्या अर्ध्या वाटेत छत्तीसगड, ओडिशाचा उत्तर भाग, झारखंडचं दक्षिण टोक आणि मग पश्चिम बंगाल. खिडकीची जागा मिळाली आणि आकाश मोकळं असलं, तर शेवटच्या अर्ध्या तासात खाली बघा. लालसर माती आणि जंगल संपून पाण्याचे चमकते चौकोन दिसू लागतात. ती भातशेती आणि तळी. बंगाल आला.

तिकिटावरचे पावणेतीन तास

प्रवासी विमान वर पोचल्यावर ताशी आठशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने उडतं. मग १,६६५ किलोमीटरला दोन तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र साधारण पावणेतीन तास लिहिलेले असतात. बाकीचा वेळ कुठे जातो?

विमान गेटपासून हलतं तेव्हापासून दुसऱ्या शहरातल्या गेटला लागेपर्यंतचा वेळ तिकिटावर धरलेला असतो. मुंबईच्या धावपट्टीवर रांग लागते, ती त्यातच आली. वर चढताना आणि खाली उतरताना वेग कमी असतो. उतरण्याआधी कधीकधी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. शिवाय कंपन्या वेळापत्रकात थोडी सैल जागा ठेवतात.

आणखी एक गोष्ट लक्षात येईल. जाताना पावणेतीन तास लागले, तर येताना बहुतेक वेळा दहा-वीस मिनिटं जास्त लागतात. मुलं विचारतात, "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून का?" तसं नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवाही फिरते, त्यामुळे नुसत्या फिरण्याचा विमानाला फायदा मिळत नाही. फरक पडतो तो वाऱ्याचा. हिवाळ्यात आपल्या देशावर फार उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. कोलकात्याला जाताना ते पाठीवर असतात आणि परतताना तोंडावर. पावसाळ्यात उंचावरच्या वाऱ्यांची दिशा बदलते, तेव्हा हा फरक कमी होतो किंवा उलटाही होतो.

पण खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा. समजा, तुम्ही डोंबिवलीला किंवा वसईला राहता. घरातून विमानतळ दीड-दोन तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचं. मग पावणेतीन तास. उतरून सामान घ्यायला अर्धा तास, शहरात जायला पाऊण-एक तास. बेरीज करा, सात-आठ तास होतात. म्हणजे विमानाच्या प्रवासात विमानातला वेळ निम्म्याहूनही कमी. आईबाबांना किंवा आजीआजोबांना घेऊन जाणार असाल तर दिवसाचा बेत या आकड्यावर करा, तिकिटावरच्या नाही.

घड्याळ एक, सूर्य दोन

मुंबई आणि कोलकाता यांच्यात रेखांशांचा फरक साडेपंधरा अंशांचा आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. म्हणजे कोलकात्यात सूर्य मुंबईपेक्षा साधारण ६२ मिनिटं आधी माथ्यावर येतो. दोन्हीकडची घड्याळं मात्र एकच वेळ दाखवतात.

पूर्वी तसं नव्हतं. मुंबईची वेळ वेगळी होती, कोलकात्याची वेगळी. दोन्हींत तासाभराचा फरक होता. त्या काळी रेल्वेची वेळापत्रकं तिसऱ्याच वेळेवर, म्हणजे मद्रासच्या वेळेवर चालत. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण दोन्ही शहरांनी ती सहजासहजी मानली नाही. कोलकात्यात जुनी वेळ १९४८ पर्यंत आणि मुंबईत तर १९५५ पर्यंत वापरात होती. आपली वेळ कुणी दुसऱ्याने ठरवावी, हे दोघांनाही पटत नव्हतं. या बाबतीत मुंबईकर आणि कोलकातेकर अगदी सख्खे भाऊ म्हणायचे!

याचा आजच्या प्रवाशाला उपयोग काय? डिसेंबरात मुंबईत सहानंतर सूर्य मावळतो, तर कोलकात्यात पाचच्या आधीच. दुपारी दोनचं विमान घेतलंत, तर उतरेपर्यंत अंधार पडायला लागलेला असेल आणि बागबाजारचा घाट उजेडात बघायचा राहून जाईल. त्यामुळे हिवाळ्यात सकाळचं विमान घ्या. आणि पहाटे लवकर उठायची तयारी ठेवा, कारण तिथला दिवस आपल्याआधी सुरू होतो.

रुळांवर तीनशे किलोमीटर जास्त

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते हावडा, नागपूरमार्गे १,९६८ किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा तीनशे किलोमीटर जास्त. घाट, नद्या आणि मोठी स्टेशनं सांभाळत रूळ वळत जातात, त्याचे हे तीनशे. दुरांतोला साधारण २६ तास लागतात, गीतांजलीला ३०-३१ आणि जुन्या हावडा मेलला त्याहून थोडे जास्त.

मुंबई आणि कोलकाता रुळांनी पहिल्यांदा जोडली गेली १८७० मध्ये, जबलपूर-अलाहाबादमार्गे. नंतर ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाने ८० दिवसांत जगाची फेरी मारणाऱ्या नायकाची कादंबरी लिहिली. त्याच्या वेळापत्रकात मुंबई ते कोलकाता या प्रवासाला तीन दिवस दिलेले होते. नागपूरवरून थेट हावड्याला जाणारा जवळचा मार्ग १९०० मध्ये पूर्ण झाला.

त्याच वर्षीची एक आठवण बेलूर मठात आजही आवडीने सांगितली जाते. स्वामी विवेकानंद परदेशातून परतताना मुंबईला उतरले आणि कुणालाही न कळवता रेल्वेने कोलकात्याला निघाले. ९ डिसेंबर १९०० च्या रात्री ते बेलूरला पोचले, तेव्हा फाटक बंद होतं आणि आत जेवणाची घंटा झाली होती. जेवण संपून जाईल म्हणून त्यांनी फाटकावरून उडी मारली, असं सांगतात. दोन-तीन दिवसांच्या रेल्वे प्रवासानंतरची भूक कशी असते, हे ज्याने स्लीपरने प्रवास केला आहे त्याला सांगायला नको.

स्लीपरवरून आठवलं. २६ डिसेंबर १९७७ रोजी गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तेव्हा रेल्वेमंत्री होते कोकणातून निवडून आलेले मधू दंडवते. या गाडीत पहिला वर्ग, दुसरा वर्ग असा भेदच नव्हता, सगळे प्रवासी एकाच वर्गाचे. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गादी आली, तीही दंडवते यांच्याच काळात. आज आपण ज्या मऊ बर्थवर आडवे होतो, त्यामागे एका मराठी मंत्र्याचा आग्रह आहे.

या मार्गावर गीतांजलीच्या जोडीला कुर्ला टर्मिनसहून निघणारी ज्ञानेश्वरी एक्स्प्रेसही आहे. एका गाडीला बंगाली ग्रंथाचं नाव, दुसरीला मराठी ग्रंथाचं. दोन भाषांची इतकी छान भेट दुसऱ्या कुठल्या मार्गावर असेल, असं वाटत नाही.

मध्यरात्री नागपूरला भेटणारी विमानं

विमानांनाही एकेकाळी नागपूरशिवाय पर्याय नव्हता. ३० जानेवारी १९४९ पासून देशात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि मद्रास या चारही शहरांतून रोज रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरला एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासी विमान बदलत आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या शहरी परते. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात वाचलं जाई.

आज आपण एका सेकंदात व्हॉट्सॲप करतो. पण सोनेगावच्या धावपट्टीवर मध्यरात्री देशाच्या चार कोपऱ्यांतली पत्रं हात बदलत होती, हे चित्र मला फार आवडतं. घरात सत्तरी-ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल तर विचारून बघा, त्यांना ही विमानं आठवत असतील.

विमानतळावरून बागबाजार

कोलकात्याचं नेताजी सुभाषचंद्र बोस विमानतळ दमदमला, शहराच्या उत्तर बाजूला आहे. बागबाजारही उत्तरेलाच, त्यामुळे हे अंतर दहा-बारा किलोमीटरच भरतं. ऑगस्ट २०२५ पासून विमानतळापर्यंत मेट्रो आली आहे. विमानतळाच्या 'जय हिंद' स्टेशनवर बसा, नोआपाडाला गाडी बदला आणि श्यामबाजारला उतरा. वर आलात की पाच रस्त्यांचा मोठा चौक लागतो. मधोमध घोड्यावर बसलेल्या नेताजींचा पुतळा आहे. तिथून बागबाजार पायी दहा-पंधरा मिनिटांवर.

रेल्वेने आलात तर हावडा स्टेशनसमोरच्या घाटावर बागबाजारच्या लाँचची वेळ विचारा. हुगळी नदीवरून, हावडा पुलाखालून होणारा हा प्रवास स्वस्त आहे आणि मुलांना तर तो नक्कीच आवडेल.

मराठा डिच: आपल्या भीतीने खणलेला खंदक

आता ते चौथं अंतर.

बागबाजारात फिरताना एका गल्लीच्या नावाची पाटी दिसेल, 'मराठा डिच लेन'. आपल्या गावापासून इतक्या लांब 'मराठा' शब्द वाचून आधी छाती फुगते, लगेच फोटो काढावासा वाटतो. फोटो जरूर काढा. पण ही पाटी कौतुकाची नाही. डिच म्हणजे खंदक. आणि तो खणला होता मराठ्यांपासून बचाव करण्यासाठी.

१७४२ मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर घोडदळ घेऊन पंचेतच्या वाटेने बंगालमध्ये शिरले. बंगालमध्ये त्यांना 'भास्कर पंडित' म्हणतात. चौथ वसूल करणं हा हेतू होता. पण नवाब अलीवर्दी खान आणि भोसले यांच्या भांडणात भरडली गेली ती साधी माणसं. गावं लुटली गेली, जाळली गेली. विणकर आणि शेतकरी घरं सोडून नदीपलीकडे पळाले. हे मराठी स्वार बंगालीत 'बर्गी' झाले. आपल्याकडे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर, आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार. आपला साधा बारगीर तिकडे भीतीचं दुसरं नाव झाला. बंगाली आया मुलांना झोपवताना जे अंगाईगीत म्हणतात, त्यात आजही बर्गी येतात. आपल्याकडे बागुलबुवा असतो ना, तसे.

त्या भीतीने कोलकात्याच्या रहिवाशांनी आणि ईस्ट इंडिया कंपनीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सुरुवात झाली उत्तरेला, इथे बागबाजारातच. साधारण अकरा किलोमीटरचा बेत होता. सहा महिन्यांत पाचेक किलोमीटर खणून झालं आणि काम थांबलं, कारण मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत. पुढे १७५६ मध्ये सिराजउद्दौलाने खरोखर हल्ला केला, तेव्हा हा अर्धवट खंदक त्याला अडवू शकला नाही. १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड बांधला गेला. आज त्याच रस्त्यांना आचार्य प्रफुल्लचंद्र आणि जगदीशचंद्र बोस या शास्त्रज्ञांची नावं आहेत. खंदकाचं पाणी आता कुठेच दिसत नाही, उरली आहे ती गल्लीची पाटी.

याच गोष्टीची दुसरी बाजूही ऐकायला हवी. १७४२ च्या शरदात भास्कर पंडित काटव्याजवळच्या दाँईहाट इथे थाटाने दुर्गापूजा करत होते, आणि पूजा चालू असतानाच नवाबाने हल्ला केला. १७४४ मध्ये तहाच्या बोलणीसाठी मानकरा इथे बोलावून नवाबाने त्यांना आणि त्यांच्या सरदारांना तंबूतच मारलं. मधल्या वर्षी, १७४३ मध्ये, तर खुद्द नानासाहेब पेशवे नवाबाच्या बाजूने रघूजींना हुसकावायला बंगालमध्ये आले होते, अर्थात पैसे ठरवून! शेवटी १७५१ मध्ये तह झाला. ओडिशा भोसल्यांकडे आला आणि बंगालची चौथ वर्षाला बारा लाख रुपये ठरली. म्हणजे आजपासून सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी.

शाळेत आपण अटकेपार झेंड्याचा धडा वाचतो, पण बंगालचा हा धडा आपल्यापैकी अनेकांनी वाचलेला नसतो. मग तो बागबाजारात अचानक समोर येतो. 'महाराष्ट्रातून आलोय' म्हटल्यावर एखादे आजोबा हसत 'बर्गी!' म्हणालेच, तर रागावू नका. आणि 'तेव्हा सगळेच तसं करायचे' असं म्हणून विषय झटकूही नका. आपल्या स्वाऱ्यांचा अभिमान वाटतो, तर ज्यांच्या दारात त्या पोचल्या त्यांचं काय झालं, हे ऐकायचीही तयारी हवी. त्या आजोबांसमोर दोन मिनिटं थांबून ऐकलंत, तर त्या चौथ्या अंतरातला बराच भाग तिथेच कापला जातो.

त्याच वस्तीतून पुढे आलेला हात

कारण ही गोष्ट खंदकापाशी संपत नाही. मराठ्यांच्या भीतीने जिथे पहिली कुदळ पडली, त्याच बागबाजारातून पुढे 'अमृत बाजार पत्रिका' निघत होती. १८७८ मध्ये इंग्रज सरकारने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायद्याचा बडगा उगारला, तेव्हा ही बंगाली पत्रिका पुढचा अंक थेट इंग्रजीत काढून मोकळी झाली. तिचे संपादक मोतीलाल घोष आणि आपले लोकमान्य टिळक यांची घट्ट मैत्री होती. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी कोलकात्यात निधी जमवला गेला. पैसे देणाऱ्यांच्या आज्यांनी त्यांना बर्गींची अंगाई म्हणूनच झोपवलं असेल!

त्यानंतर सखाराम गणेश देऊस्कर यांनी बंगालमध्ये शिवाजी उत्सव रुजवला. घराणं मराठी, पण जन्म देवघरजवळचा आणि लेखन आयुष्यभर बंगालीत. १९०४ मध्ये रवींद्रनाथ टागोरांनी 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. १९०६ च्या जूनमध्ये कोलकात्यात झालेल्या शिवाजी उत्सवाला टिळक आणि दादासाहेब खापर्डे स्वतः गेले होते. बर्गींच्या आठवणीने दचकणाऱ्या शहरात शिवाजी महाराजांचा जयजयकार झाला. बंगालने जुनी जखम विसरून नाही, तर ती माहीत असूनही हात पुढे केला. मला हे जास्त मोठं वाटतं.

अर्ध्या दिवसाचं बागबाजार

वेळ कमी असेल तर सकाळी सातला घाटापासून सुरुवात करा. बागबाजार घाटावर अंघोळी, पूजा आणि गप्पा एकदमच चालू असतात. घाटाजवळूनच सर्क्युलर रेल्वेचे रूळ जातात, मुलांचे हात धरा.

तिथून जवळ 'मायेर बाडी' आहे. शारदादेवी १९०९ पासून इथे राहत होत्या आणि १९२० मध्ये त्यांनी इथेच देह ठेवला. बलराम बोस यांच्या घरी १ मे १८९७ रोजी रामकृष्ण मिशनची स्थापना झाली. आपल्याला १ मे म्हटलं की महाराष्ट्र दिन आठवतो, म्हणून ही तारीख सहज लक्षात राहील. बोसपाडा लेनमध्ये भगिनी निवेदितांचं घर आहे. आयर्लंडहून आलेल्या या बाईंनी १८९८ मध्ये याच गल्लीत मुलींची शाळा काढली. घराघरांत जाऊन मुलींना शाळेत पाठवा म्हणून विनवणं, हे काम काय असतं ते सावित्रीबाईंच्या महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. आणि नाटकवेड्या मराठी माणसाने गिरीशचंद्र घोष यांचं घर चुकवू नये. बंगाली रंगभूमीच्या या मोठ्या नाटककाराचं घर रस्त्याच्या मधोमध उभं आहे. रस्ता रुंद करताना घर पाडलं नाही, रस्त्यालाच दोन्ही बाजूंनी वळवलं.

एव्हाना भूक लागली असेल. कचोरी आणि बटाट्याची भाजी घ्या, सोबत जिलबी. आणि मग रसगुल्ला. नवीनचंद्र दास यांनी १८६८ मध्ये बागबाजारातल्या आपल्या दुकानात स्पंजासारखा रसगुल्ला केला, म्हणून ही वस्ती रसगुल्ल्याचं माहेर मानली जाते. ओडिशाचा दावा वेगळा आहे आणि आता दोन्ही राज्यांकडे आपापल्या रसगुल्ल्याचं भौगोलिक मानांकन आहे. भांडणात आपण पडू नये, दोन्ही खावेत.

पूजेच्या दिवसांत गेलात तर बागबाजार सार्वजनिनची दुर्गा पाहा. ही सार्वजनिक पूजा १९१९ मध्ये सुरू झाली. आपल्या सार्वजनिक गणपतीसारखीच हीसुद्धा वर्गणीतून उभी राहणारी, सगळ्यांची. एकाच चौकटीत देवी आणि तिची मुलं, पांढऱ्याशुभ्र साजाची जुनी पद्धत. शेवटच्या दिवशी बायका एकमेकींना सिंदूर लावतात, तो सोहळा बघायला शहरभरातून लोक येतात.

विमान की रेल्वे?

दोन-तीन दिवसांचीच सुट्टी असेल किंवा सोबत गुडघे दुखणारे ज्येष्ठ असतील, तर विमान. आठवडा हातात असेल तर जाताना रेल्वे आणि येताना विमान, असा बेत करून बघा. रेल्वेने जाताना नागपूर, गोंदिया, रायपूर, बिलासपूर, खडगपूर अशी स्टेशनं एकेक करून येतात. फलाटावरची भाषा बदलते आणि चहाचा कपही बदलतो. भास्कर पंडितांचे स्वार ही वाट आठवडे-आठवडे चालत होते, हे खिडकीत बसल्यावर थोडंसं जाणवतं. येताना विमानातून तीच जमीन अडीच-पावणेतीन तासांत उलटी गुंडाळली जाते.

तिकीट काढण्याआधी एवढं करा: हिवाळ्यात सकाळचं विमान निवडा, जाताना आणि येताना लागणारा वेळ वेगवेगळा धरा, आणि दुर्गापूजेच्या दिवसांत जायचं असेल तर बुकिंग खूप आधी करा.

आणि बागबाजारात पोचल्यावर मराठा डिच लेनच्या पाटीखाली फोटो काढलात, तर तो नुसता स्टेटसला टाकू नका. घरातल्या लहानग्यांना शेजारी बसवून त्या पाटीची पूर्ण गोष्ट सांगा, खंदकाची आणि पुढे आलेल्या हाताचीही. मग त्यांना विचारा, मुंबई ते बागबाजार किती लांब? बघा, कुठला आकडा सांगतात ते.